‘मुलांना इंटरेस्टच नव्हता’

इंग्लिश शिकवायचं ट्रेनिंग घेणारे आमचे छात्राध्यापक सराव पाठ झाल्यावर स्वतःच्या पाठाबद्दल चार ओळी लिहून देतात आणि त्या मी वाचते. बहुतेक वेळा त्यात तेच ते असतं, वेळ कमी पडला, फलकलेखन बरं झालं, आवाज अजून मोठा हवा होता वगैरे. परवा एका मुलीनं मात्र एकच वाक्य लिहिलं होतं, ‘मी खूप तयारी केली होती पण मुलांना इंटरेस्टच नव्हता.’ ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. एक तर तिची तयारी खरोखरच होती, मी पाहिली होती. हातानं रंगवलेली फ्लॅशकार्ड्स, जोड्या लावायचा एक छोटा गेम, बरोबर उत्तर देणाऱ्याच्या वहीत चिकटवायला चमकणारे स्टार. आणि दुसरं म्हणजे तो अख्खा तास मी शेवटच्या बाकावर एका मुलाशेजारी बसले होते, आणि त्या मुलाला इंटरेस्ट होता.

तिनं वर्गाला इंग्लिशमध्ये विचारलं होतं की सुट्टीच्या दिवशी तुम्हाला काय करायला आवडतं. या मुलानं वही उघडली आणि ‘आय लाइक’ इथपर्यंत झरझर लिहिलं, मग पेन्सिल थांबली. ‘स्विम’ लिहिलं, खोडलं. ‘स्विमिंग’ लिहिलं, परत खोडलं. रबराचा चुरा फुंकून उडवला, परत ‘स्विमिंग’ लिहिलं आणि मग अख्खं वाक्य ओठातल्या ओठात म्हणून बघितलं, आवाज न काढता. त्यानंतर त्याचा हात वर जायला लागला, पण पूर्ण वर नाही गेला, कानापर्यंत गेला आणि तिथं कान खाजवायला आल्यासारखा थांबला. तोपर्यंत पुढच्या दोन बाकांवरच्या मुलांची उत्तरं घेऊन झाली होती, ‘व्हेरी गुड’ झालं होतं, स्टार चिकटवून झाले होते आणि मॅडम पुढच्या कार्डावर गेल्या होत्या. मुलानं हात खाली घेतला आणि वहीच्या कोपऱ्यात गोल काढायला लागला. लांबून बघणाऱ्याला त्या क्षणापासून तो ‘लक्ष नसलेला मुलगा’ दिसला असता.

ज्याला इंटरेस्ट नसतो तो एका शब्दासाठी इतकी खोडाखोड करत नाही.

बरं, हे वाक्य काही त्या मुलीनं शोधून काढलेलं नाही. कुठल्याही स्टाफरूममध्ये अर्धा तास बसा, कानावर पडेलच. पोरांना शिकायचंच नाहीये, आमच्या वेळेला असं नव्हतं, मोबाइलमुळे झालंय सगळं. म्हणजे इच्छा ही मुलानं सोबत आणायची गोष्ट, पेन-वहीसारखी, आणि आणली नसेल तर मास्तर तरी काय करणार. आमची ट्रेनी पोरं-पोरी ट्रेनिंगला येतात तेव्हा हे सगळं घेऊनच आलेली असतात. डॅन लॉर्टी नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९७५ मध्ये हे फार नेमकं मांडून ठेवलंय, की शिक्षक होऊ घातलेला माणूस स्वतःची शाळा संपेपर्यंत साधारण १३,००० तास शिक्षकांना बघत बसलेला असतो. तेरा हजार तास! त्यापुढे आमची चार-दोन लेक्चरं काय टिकणार. आणि बघितलेलं असतं ते सगळं बाकावरून. सर फळ्याशी काय करतात ते दिसतं, सर मनात काय ठरवत होते, कुणाकडे बघत होते, कुणाला मुद्दाम विचारलं नाही आणि का नाही, ते कधीच दिसत नाही. त्यामुळे शिकवणं म्हणजे पुढे उभं राहून काहीतरी ‘करणं’ असंच डोक्यात पक्कं बसतं, आणि मोटिव्हेशन म्हणजे त्या करण्यात घातलेला गेम, गाणं, स्टार.

आता स्टारबद्दल बोलायलाच हवं, कारण तो प्रत्येक बॅचला असतोच. मार्क लेपर आणि सहकाऱ्यांचा १९७३ सालचा एक प्रयोग आहे, बालवाडीतल्या मुलांवरचा, मी तो दरवर्षी सांगते. स्केचपेननं चित्रं काढायला मनापासून आवडणारी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर छान सर्टिफिकेट मिळेल, काहींना न सांगता नंतर अचानक दिलं, काहींना काहीच दिलं नाही. थोड्या दिवसांनी वर्गात ते पेन नुसते ठेवून दिले, बक्षिसाचं नावही नाही. तर आधी बक्षिसाचा वायदा मिळालेल्या मुलांनी बाकीच्यांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्रं काढली. हे सांगितलं की वर्गात एकदम शांतता होते आणि मग कुणीतरी विचारतं, मग मॅडम स्टार द्यायचेच नाहीत का? तसं नाहीये. अचानक मिळालेल्या सर्टिफिकेटनं काही बिघडलं नव्हतं, आणि ज्या गोष्टीत मुळात गोडीच नाही तिथं बक्षीस सुरुवातीला कामाला येऊ शकतं. माझं म्हणणं एवढंच असतं की स्टार कुणाला मिळतो ते बघा. ज्याला येतंय आणि जो बोलतोच आहे, त्यालाच. शेवटच्या बाकापर्यंत स्टार पोचायच्या आत तास संपतो.

पुस्तकी बाजू बघाल तर या विषयावर भरपूर काम झालंय आणि आमच्या परीक्षेत ते विचारलंही जातं. रॉबर्ट गार्डनर आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये, फ्रेंच शिकणाऱ्या इंग्लिशभाषक हायस्कूलच्या मुलांचा अभ्यास करून १९५९ मध्ये मांडलं की भाषा शिकण्यामागे दोन तऱ्हेची ओढ असते, एक ती भाषा बोलणाऱ्या लोकांत मिसळायची आणि दुसरी नोकरी, परीक्षा अशा कामापुरती. हे दोन प्रकार आमची पोरं झोपेतसुद्धा सांगतील. पण इंग्लिशच्या बाबतीत विचारा की बाबा ‘ते लोक’ म्हणजे कोण, तर गोंधळ होतो, आणि तो रास्तच आहे. मॉन्ट्रियलच्या मुलांच्या शहरातच फ्रेंच बोलणारे लोक होते. आज इंग्लिश शिकणारं मूल जगात कुठेही बसलेलं असेल आणि पुढे ज्यांच्याशी ते इंग्लिश बोलेल त्यातल्या कितीतरी जणांची ती मातृभाषा नसेल. मग ओढ कुणाची? झोल्तान डर्न्येई या हंगेरियन अभ्यासकानं २००५ मध्ये याला वेगळं वळण दिलं, म्हणाला की ओढ असते ती पुढच्या स्वतःची, ती भाषा बोलणारा ‘मी’ कसा असेन याच्या चित्राची. त्याच्या जोडीला दुसरा एक ‘मी’ असतो, इतरांच्या अपेक्षांमधला, नापास होऊ नये, घरच्यांना वाईट वाटू नये असा. आणि तिसरी गोष्ट म्हणजे रोजचा शिकण्याचा अनुभव, तो वर्ग, ते पुस्तक, शेजारी बसणारी मुलं, ती शिक्षिका.

ट्रेनी लोकांना यातला पहिला भाग प्रचंड आवडतो. लगेच ‘स्वतःला दहा वर्षांनी इंग्लिश बोलताना बघा’ असे उपक्रम सुरू होतात, पोस्टर्स होतात, मुलं पायलट आणि डॉक्टर काढतात. मला त्या पोस्टरांचं कौतुकही वाटतं आणि थोडी धास्तीही वाटते. चित्र सुंदर आहे पण आज दुपारच्या तासाला त्या मुलाला ‘स्विम’ की ‘स्विमिंग’ हे कळत नाहीये आणि विचारायची सोय नाहीये, मग ते चित्र रोज थोडं थोडं खोटं वाटायला लागणार. स्वप्न मोठं आणि वर्गात मात्र रोज गप्प बसायचं, हे फार वाईट जोडकाम आहे. म्हणून माझा जीव त्या तिसऱ्या गोष्टीत अडकलाय. मुलाच्या घरचं आपल्या हातात नसतं, परीक्षा आपण काढत नाही, वर्गात किती मुलं भरली ते आपल्याला विचारून नसतं. पण प्रश्न विचारल्यावर किती वेळ थांबायचं हे पूर्णपणे आपल्याच हातात असतं ना.

थांबण्यावरून आठवलं. मेरी बड रो नावाच्या बाईंनी १९७० च्या आसपास विज्ञानाच्या वर्गांतल्या टेप ऐकून ऐकून मोजलं होतं, की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी १ सेकंद थांबतात. १ सेकंद. मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देतात. तेच ३ सेकंद किंवा जास्त थांबले तर मुलांची उत्तरं लांब झाली, आपणहून बोलणारी मुलं वाढली, ‘माहीत नाही’ कमी झालं. आणि ते तर मुलांच्या रोजच्या भाषेतले वर्ग होते. परक्या भाषेत तर प्रश्न ऐकायचा, समजून घ्यायचा, म्हणायचं काय ते ठरवायचं, शब्द शोधायचे, ते ओळीत लावायचे, चूक तर नाही ना बघायचं आणि मग तोंड उघडायचं. एका सेकंदात कसं व्हायचं हे? मी ट्रेनींना एकमेकांचे पाठ फोनवर रेकॉर्ड करायला लावते आणि नुसतं हे थांबणं मोजायला सांगते, बाकी काही नाही. रेकॉर्डिंग ऐकताना त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. एक जण म्हणाला, मॅडम मला वाटलं मी खूप वेळ थांबलो होतो, वर्गातली शांतता मला सहनच होत नव्हती. किती प्रामाणिक बोलला तो. शांतता त्याला नापास झाल्यासारखी वाटत होती, आणि त्याच शांततेत पलीकडे कुणीतरी वाक्य जुळवत होतं.

पण मोजमापानं सगळं कळत नाही. मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे ट्रेनींना पुन्हा बाकावर बसवणं, आणि तेही अजिबात न येणाऱ्या भाषेच्या वर्गात. ओळखीच्या एक बाई आहेत, त्यांना पूर्व आफ्रिकेतली स्वाहिली येते, त्या येऊन ४० मिनिटांचा तास घेतात आणि त्या तासात स्वाहिलीशिवाय दुसरी भाषा नाही. ‘हबारी?’, म्हणजे काय खबर, विचारलं की ‘न्झुरी’, म्हणजे छान, म्हणायचं. न् आणि झ एकदम, शब्दाच्या सुरुवातीला, जीभ अडखळतेच. मग गाईचं चित्र येतं आणि ‘ङोंबे’, म्हणजे आपण मुळाक्षरांत नुसता पाठ केलेला ङ, तो चक्क पहिलं अक्षर. खिदळणं सुरू होतं. आणि मग बाई एकेकाकडे बोट करून विचारायला लागतात तसं खिदळणं थांबतं. गेल्या बॅचला आमची सगळ्यात बोलकी मुलगी, गॅदरिंगला माइक न सोडणारी, तिच्याकडे बोट आलं तेव्हा तिनं मान खाली घालून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. दुसरा एक जण मागच्या मागे सरकून पुढच्याच्या पाठीआड झाला. तिसरी शेजारणीला कुजबुजत विचारत होती आणि पहिल्यांदाच मला त्या कुजबुजीचा राग आला नाही, कारण ती गप्पा मारत नव्हती, उत्तर शोधत होती.

त्यानंतर मी कुणालाही काही शिकवत नाही, नुसतं लिहायला सांगते, तुझ्यात कुठल्या मिनिटाला काय झालं. आणि जे येतं ते कुठल्याही लेक्चरपेक्षा भारी असतं. कुणी लिहितं की पहिली दहा मिनिटं मजा आली आणि मग माझं एक उत्तर चुकलं, सगळे हसले, तिथून पुढे मी फक्त तास संपायची वाट बघितली. कुणी लिहितं, बाईंनी माझं नाव लक्षात ठेवलं तेव्हा मला एकदम यावंसं वाटायला लागलं. एकानं लिहिलं होतं की मला येत होतं पण दुसऱ्यांदा विचारलंच नाही. सकाळी सगळे सारख्याच उत्साहात आले होते बरं का, ४० मिनिटांत कुणाचा उत्साह वाढला, कुणाचा दोनदा खाली-वर झाला, कुणाचा संपला. इच्छा तासाच्या आतच हलते, हे त्यांना स्वतःच्या अंगावर कळतं. मग मी एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांचं नाव काढते, माणसाला आपलं आपण काही ठरवता यावं, जमतंय असं वाटावं आणि आपण कुणाशी तरी जोडलेले आहोत असं वाटावं, या तीन गरजा भागल्या तर ओढ टिकते असं सांगणारे. आणि ट्रेनी स्वतःच आपल्या लिखाणात त्या तिन्ही गोष्टी शोधून दाखवतात. हेच मी आधी सांगितलं असतं तर वहीत तीन मुद्दे उतरवले असते आणि झालं.

एक गोष्ट मात्र फार हळूहळू लक्षात आली आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. आमच्या ट्रेनींना स्वतःच्या इंग्लिशची भीती वाटते. उघड कुणी बोलत नाही. पण पाठ बघताना जाणवतं, की जे प्रश्न विचारले जातात त्यांची उत्तरं एका शब्दाची असतात, पुस्तकातली असतात, आधीच माहीत असलेली असतात. ‘तुला काय वाटतं’ असा प्रश्न येत नाही, कारण मूल काहीही म्हणू शकतं आणि त्यातला एखादा शब्द मला आला नाही तर? एखाद्यानं विचारलं की मॅडम, फुलपाखराच्या कोषाला इंग्लिशमध्ये काय म्हणतात, तर? मग वर्ग घट्ट धरून ठेवायचा, पटपट पुढे जायचं, जे ठरलंय तेच बोलायचं. इलेन हॉर्विट्झ यांनी १९८६ मध्ये भाषेच्या वर्गात विद्यार्थ्यांना वाटणारी भीती मोजायची ३३ विधानांची प्रश्नावली केली आणि पुढे १९९६ मध्ये शिक्षकांच्याच या भीतीबद्दल लिहिलं, की ज्यांची ती मातृभाषा नाही अशा शिक्षकांनाही ही भीती वाटते आणि त्याचा शिकवण्यावर परिणाम होतो. हे वाचून मला फार बरं वाटलं होतं आणि वाईटही वाटलं होतं. बरं अशासाठी की याला नाव आहे, हा कुणा एकीचा कमीपणा नाही. वाईट अशासाठी की या मुलींना आम्ही मुलांना मोटिव्हेट कसं करायचं ते शिकवतो, पण यांना स्वतःला इंग्लिश बोलावंसं वाटतं का, हे विचारत नाही.

म्हणून आता मी विचारते. बॅचच्या सुरुवातीलाच प्रत्येकाकडून इंग्लिशशी असलेलं स्वतःचं नातं लिहून घेते, मराठीत लिहिलं तरी चालेल असं सांगून. कधी आवडलं, कधी नकोसं झालं, कुणामुळे. या लिखाणात शिक्षक येतातच, चांगले आणि वाईट दोन्ही, आणि बहुतेक वेळा एखादंच वाक्य किंवा एखादीच कृती लक्षात राहिलेली असते. वही न बघता फेकणं. चुकलेल्या वाक्यातला बरोबर भाग आधी सांगणं. हे वाचून झाल्यावर मी डर्न्येई आणि त्याची सहकारी काता चिझेर यांचं काम दाखवते, हंगेरीतल्या २०० इंग्लिश शिक्षकांना विचारून १९९८ मध्ये त्यांनी मोटिव्हेशनसाठी दहा सूत्रं काढली होती आणि त्यात सगळ्यात वर होतं शिक्षकाचं स्वतःचं वागणं. दक्षिण कोरियातही २००८ मध्ये ४० वर्गांत दर मिनिटाची नोंद ठेवून असंच दिसलं, की शिक्षक जे करतो आणि मुलं त्या तासात किती मनापासून गुंतलेली असतात याचं जवळचं नातं आहे. असं सांगितलं की काही जण हुरळतात आणि काही जण खचतात, मला दोघांचीही काळजी वाटते. सगळंच शिक्षकाच्या डोक्यावर आहे असं मला अजिबात म्हणायचं नाहीये. ताप अंगावर घेऊन आलेलं मूल, घरात भांडण ऐकून आलेलं मूल, साठ जणांच्या वर्गात चेंगरून बसलेलं मूल, यांच्यापुढे कुठलंही सूत्र थिटं पडतं, आणि एखाद्या दिवशी तास फसला म्हणून शिक्षिकेनं रात्रभर स्वतःला दोष देत बसावं हे तर मला मुळीच मान्य नाही.

त्या मुलीशी मी बोलले. तिचा पाठ वाईट झाला असं मी म्हटलं नाही कारण तो झालाच नव्हता वाईट. मी फक्त त्या मुलानं काय काय खोडलं ते क्रमानं सांगितलं. ती बराच वेळ ऐकत राहिली आणि मग तिनं विचारलं, पण मॅडम, मला ते तिथून दिसणार कसं? प्रश्न अगदी बरोबर होता. फळ्यापाशी उभं राहून नाही दिसत. मग आम्ही दोघींनी बसून तिच्या पुढच्या टाचणात थोडे बदल केले. प्रश्न विचारल्यावर आधी सगळ्यांनी वहीत लिहायचं, मग शेजाऱ्याला हळू आवाजात सांगायचं, आणि तेवढ्या वेळात तिनं फळा सोडून बाकांमधून फिरायचं, दुरुस्त्या न करता, नुसतं वाचत. मग हात वर करायला न लावता दोन-तीन मुलांना विचारायचं, ज्यांचं वहीतलं वाक्य तिनं वाचलंय अशाच. म्हणजे विचारायच्या आधीच मुलाला माहीत असतं की आपलं मॅडमनी वाचलंय आणि ते ठीक आहे. गेम तिनं ठेवला, स्टार स्वतःहून काढून टाकले. मी काढ म्हटलं नव्हतं.

आता माझं भांडण आहे ते आमच्या पेपरशी. मोटिव्हेशनवर जो प्रश्न येतो तो अजूनही ‘प्रेरणेचे प्रकार स्पष्ट करा’ असाच येतो आणि पोरं गार्डनर-लॅम्बर्ट लिहून पूर्ण मार्क घेतात, वर्गातल्या एकाही मुलाकडे धड न बघता. मी यावेळी एक प्रश्न सुचवलाय. एका विद्यार्थ्याचं अर्ध्या पानाचं वर्णन द्यायचं, तो तासभर काय काय करत होता तेवढंच, त्याला काय वाटत होतं हे आपण सांगायचं नाही, आणि विचारायचं की पुढच्या तासाला याच्यासाठी तुम्ही नेमकं काय कराल आणि का. तपासायला कठीण जाईल, उत्तरं सारखी येणार नाहीत, मार्कांवरून वाद होतील असं सहकाऱ्यांचं म्हणणं आहे आणि ते खरंही आहे. पण वाद झाले तर ते त्या विद्यार्थ्यावरून होतील, म्हणून मी तो प्रश्न मागे घेतलेला नाही.